राऊटरची किल्ली कुणाकडे?

बेळगाव : मार्चअखेरची धामधूम आता ओसरली आहे. पतसंस्था, सौहार्द सोसायट्या, सहकारी बँकांच्या शाखांमधून रोकड मोजून झाली, सोनेतारणाच्या पाकिटांची सीलं तपासून झाली, पिग्मी एजंटांचे हिशेब जुळले. आता लेखापरीक्षक येतील. ते स्टॅम्पची नोंदवही बघतील, पंख्यांवरचा घसारा बघतील, चहापाण्याच्या व्हाउचरवर सही नसेल तर शेरा मारतील. पण त्याच भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला खिळ्याला अडकवलेला, दोन मिशा वर केलेला जो पांढरा डबा असतो, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. संस्थेचा सगळा व्यवहार त्या डब्यातून जातो-येतो. त्याचं नाव राऊटर.

परवा तालुक्याच्या एका गावातील सोसायटीत बातमीसाठी गेलो होतो. काउंटरवर गर्दी आणि नेट बंद. शिपायाने टाचणी आणली, डब्याच्या मागच्या बारीक भोकात दाबून धरली, दिवे विझले, पुन्हा लागले. नेट काही आलं नाही. मग फोनाफोनी. सहज विचारलं, याचा पासवर्ड कुणाकडे असतो? चेअरमन म्हणाले, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी म्हणाले, "काय ओ सर, ते पोरगं येऊन बसवून गेलंय की, त्यालाच माहीत." ते पोरगं दीड वर्षापूर्वी पुण्याला नोकरीला गेलेलं. शेवटी फोनवर त्यानेच सांगितलं, "डबा उलटा करा, मागं स्टिकर आहे बघा." स्टिकरवर होतं – युजर ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन.

मी कॉमर्सचा माणूस. संगणक शिकलो तो बातमी टाईप करण्यापुरता. तरीही हा विषय संगणकवाल्यांवर सोडून द्यायचा नाही असं मला वाटतं, कारण हा मुळात ताब्याचा प्रश्न आहे. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे, एक मॅनेजरकडे. दोघं आल्याशिवाय ती उघडत नाही. डुप्लिकेट किल्ली कुठं ठेवली त्याची नोंद असते. एवढी शिस्त ज्या संस्थेत पन्नास वर्षं पाळली जाते, त्याच संस्थेत ठेवीदारांची नावं, आधार, खाती, शिल्लक हे सगळं ज्या दारातून जातं त्या दाराची किल्ली स्टिकरवर छापलेली आहे. दुसरी किल्ली पुण्यात.

टाचणीचा प्रकार नीट समजून घ्या, कारण तो गावोगाव चालतो. ते भोक दाबून धरलं की यंत्र कारखान्यातून निघालं तेव्हाच्या अवस्थेत परत जातं. कुणी शहाण्या माणसाने मध्यंतरी पासवर्ड बदलला असेल, बाहेरची वाट बंद केली असेल, तर ते सगळं पुसलं जातं. मग नेट कंपनीचा माणूस येतो, जोडणीचा युजर-पासवर्ड भरतो, नेट चालू होतं, सगळे खूश. जुनी बंदोबस्ताची कामं पुन्हा करायची आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कर्नाटकात हे घडून गेलंय

जुलै २०१७ आठवा. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर व्हायरसचा हल्ला झाला आणि तो नेमका कर्नाटक सर्कलमध्ये झाला. ज्या ग्राहकांच्या मोडेमचा पासवर्ड 'ॲडमिन' असाच राहिला होता, ते मोडेम त्यात सापडले. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याची सूचना काढावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि राऊटर असेच काबीज केले होते. त्याची युक्ती अगदी साधी. कारखान्यात ठरलेल्या साठेक युजर-पासवर्डच्या जोड्यांची एक यादी, आणि प्रत्येक दारावर ती एकेक करून वापरून बघायची. कुलूप फोडायची गरजच पडली नाही.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, "आमच्या एवढ्याशा संस्थेला कोण विचारतो?" कुणी विचारत नाही हे खरं. पण शोधणारा माणूस गावाचं नाव बघून येत नाही. इंटरनेटवरचे सुमारे ४३० कोटी पत्ते ओळीने ठोठावत जाणारे प्रोग्रॅम असतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी असं एक साधन तयार केलं, ते चांगल्या जोडणीवरून पाऊण तासात सगळं इंटरनेट फिरून येतं. त्या पाऊण तासात न्यूयॉर्कचं एखादं ऑफिस जसं येतं, तसाच खानापूर तालुक्यातला डबाही येतो.

चेअरमनना मोबाईलवर शाखा दिसावी म्हणून

आपल्या भागात बाहेरची वाट उघडण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे सीसीटीव्ही. चेअरमनना, संचालकांना घरबसल्या मोबाईलवर शाखा बघायची असते. हौस वाईट नाही, उपयोगाचीही आहे. पण त्यासाठी बसवणारा काय करतो? संस्थेसाठी कायमचा एक इंटरनेट पत्ता घेतो आणि राऊटरमध्ये त्या पत्त्यावरून थेट रेकॉर्डिंगच्या पेटीपर्यंत, म्हणजे डीव्हीआरपर्यंत, एक वाट मोकळी करून देतो. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. ही वाट चेअरमनसाठी उघडली, तरी ती चेअरमनना ओळखत नाही. जो येईल त्याला ती डीव्हीआरच्या दारात आणून सोडते. आता डीव्हीआरचा पासवर्डही कारखान्यातलाच असेल तर पुढं काय, हे सांगायला नको.

सांगतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीच्या चित्रफिती यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकल्या जात असल्याचं उघड झालं. अहमदाबाद पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. सांगली म्हणजे आपल्याला काही परदेश नाही. पुढं तपासाच्या बातम्यांत आलं की रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' होता. त्या बायका तिथं उपचाराला गेल्या होत्या. पासवर्ड बदलणं हे त्यांचं काम नव्हतं, त्यांना ते माहीत असण्याचंही कारण नव्हतं. ज्यांचं काम होतं त्यांच्यापैकी कुणाची अब्रू गेली नाही. म्हणून ही गोष्ट नुसती 'तांत्रिक चूक' म्हणून सोडून देता येत नाही.

एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. उशिरा का होईना, चांगलं झालं. पण तो नियम नव्या मालाला. आपल्या भिंतींवर आधीच लटकलेल्या कॅमेऱ्यांचं काय, ते आपणच बघायचं आहे.

त्याहून मोठी अडचण वेगळीच. बऱ्याच छोट्या संस्थांत डीव्हीआर, काउंटरचे संगणक, प्रिंटर, स्टाफचे मोबाईल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ग्राहकाने मागितलेलं वायफाय हे सगळं एकाच जाळ्यात असतं. म्हणजे कॅमेऱ्याच्या दारातून आत आलेला माणूस थेट रोखपालाच्या टेबलापाशी पोचतो. घराला ओटा, सोपा, माजघर असतं ते कशासाठी? पाहुणा सोप्यात बसतो, माजघरात शिरत नाही. जाळ्याचेही असेच भाग पाडता येतात. चांगल्या स्विचमध्ये त्याला व्हीलॅन म्हणतात, साध्या राऊटरमध्ये 'गेस्ट' वायफायची सोय असते. कॅमेरे एका भागात, व्यवहाराचे संगणक दुसऱ्यात, पाहुण्यांचे मोबाईल तिसऱ्यात, आणि या यंत्रांना आज्ञा देण्याची जागा या सगळ्यांपासून वेगळी.

हे न केल्याची किंमत एका देशाच्या मध्यवर्ती बँकेने मोजली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८.१ कोटी डॉलर चोरीला गेले. तपास करणाऱ्या तिथल्या पोलिसांनी नंतर सांगितलं की बँकेत फायरवॉल नव्हती आणि स्विफ्टचे संगणक जोडायला दहा डॉलरचे जुने स्विच वापरले होते. स्वस्त स्विचमुळे दोन त्रास झाले. जाळ्याचे भाग पाडता आले नाहीत, आणि चोर कुठून कसे आले याचा माग काढणंही तपास करणाऱ्यांना अवघड गेलं.

कीर्द-खतावणीच्या नजरेने

आमचे कॉलेजातले अकाउंटन्सीचे सर म्हणायचे, ज्या व्हाउचरवर तारीख नाही ते व्हाउचर नव्हेच. राऊटरलाही स्वतःची कीर्द असते. कोण आत आलं, कधी आलं, काय बदललं याची नोंद, तिला लॉग म्हणतात. पण आपल्याकडे वीज गेली की कित्येक राऊटरचं घड्याळ मागं पडतं आणि नोंदी १ जानेवारी १९७० च्या पडू लागतात. मार्चअखेरची चोरी १९७० सालात! शिवाय छोट्या यंत्रांत ही नोंद तात्पुरत्या स्मृतीत असते, वीज गेली की तीही जाते. म्हणून दोन गोष्टी लागतात. घड्याळ इंटरनेटवरील सरकारी वेळेशी जोडायचं आणि लॉग दुसऱ्या संगणकावर पाठवत राहायचा. हे माझ्या मनाचं नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवा, लॉग १८० दिवस जपून ठेवा आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

दुसरी गोष्ट सहीची. चार जण एकच 'ॲडमिन' वापरत असतील तर ती चार कारकुनांनी एकाच नावाने केलेली सही झाली. बिघाड झाला की कुणीच केलेलं नसतं. प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्या दिवशी ते नाव बंद. ऑफिसची किल्ली परत घेतल्याशिवाय आपण कुणाचा हिशेब करत नाही, मग इथंच ढिलाई का?

जुन्या यंत्रांत टेलनेट नावाची सोय असते. लांबून यंत्राला आज्ञा द्यायची ही जुनी पद्धत. तिच्यातून पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो, वाटेतल्या कुणीही वाचावा. एसएसएच ही पद्धत त्याच कामाचं बंद पाकीट आहे. पहिली बंद करून दुसरी चालू करायला पाच मिनिटं लागतात. एसएनएमपी म्हणून आणखी एक प्रकार असतो, यंत्राची तब्येत लांबून बघायचा. त्याचा परवलीचा शब्द पूर्वी कारखान्यातूनच 'पब्लिक' असा यायचा. नावातच सगळं आलं. लागत नसेल तर बंद ठेवायचा. आणि राऊटरच्या सेटिंगचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडता येत असेल तर ते आधी बंद करायचं. या एका कामासाठीसुद्धा बोलावणं पाठवायला हरकत नाही.

मग सेटिंगची प्रत. मे महिन्यात वळीव येतो, वीज कडाडते आणि राऊटर-स्विच जळतात, हा आपला दरवर्षीचा अनुभव. नवं यंत्र येतं, पण जुन्यात काय काय लावलं होतं ते कुणाला आठवत नाही. घाईत नेट चालू होतं आणि बंदोबस्त मागं राहतो. म्हणून सेटिंगची फाईल काढून ठेवायची असते. पण ती कुठं? मी एका संस्थेत ती संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली बघितली, 'शुभ सकाळ'च्या दोन फुलांच्या मधे. त्या फाईलमध्ये संस्थेच्या जाळ्याचा पूर्ण नकाशा असतो, काही यंत्रांत तर पासवर्डही चटकन उलगडेल अशा रूपात असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की रशियन हेरखात्याशी संबंधित टोळीने सिस्कोच्या जुन्या यंत्रांतून हजारो सेटिंग फाईली गोळा केल्या. ज्या भोकातून त्या काढल्या ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने २०१८ मध्येच दिली होती. सात वर्षं ती कुणी लावली नाही, किंवा यंत्रच इतकं म्हातारं की लावण्याजोगं उरलं नाही. एवढी मोठी टोळी आपल्या सोसायटीवर येणार नाही हे कबूल. पण ते जुनं सेकंडहँड यंत्र मात्र आपल्याकडेही येतं, आणि 'लई दणकट आहे' म्हणून कौतुकाने येतं.

नियम कुणाला लागू?

इथं खरी गोम आहे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. त्यात नेटवर्कच्या यंत्रांची मांडणी योग्य आहे ना हे वेळोवेळी तपासा, बसवल्यावर कारखान्यातले पासवर्ड बदला, असं साध्या शब्दांत लिहिलं आहे. ती चौकट आली त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन ९४ कोटींवर रक्कम गेली होती, त्यातले काही पैसे कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढले गेले. ३१ डिसेंबर २०१९ ला चौकट आणखी वाढवली आणि बँकांचे त्यांच्या व्यवहाराच्या पसाऱ्यानुसार चार स्तर केले.

पण ही चौकट बँकांना. आपल्या सीमाभागात मराठी माणसाचा पैसा मोठ्या प्रमाणात असतो तो पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांत. त्या सहकार कायद्याखाली किंवा १९९७ च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या, काही बहुराज्य कायद्याखाली केंद्रीय निबंधकांकडे. रिझर्व्ह बँकेचा तपासनीस तिथं येत नाही. ठेवीदार मात्र दोन्हीकडे तोच आहे. शेंगा विकून आलेले पैसे त्याने बँकेत ठेवले की त्याच्यामागे चौकट उभी राहते, सोसायटीत ठेवले की ती चेअरमनच्या समजुतीवर उभी राहते. सहकार खात्याने या संस्थांच्या वार्षिक लेखापरीक्षणाच्या तपासणी यादीत राऊटर-स्विचचे पाच-सहा प्रश्न घातले, तर वर्षभरात चित्र पालटेल असं माझं मत आहे. शेऱ्याला आपल्याकडे सगळे घाबरतात.

आम्हाला नियमच नाही, असंही कुणी समजू नये. सर्ट-इनचे निर्देश नोंदणीकृत संस्थांना लागू आहेत. शिवाय वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती जपण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एवढा दंड सोसायटीला होणार नाही, पण दंड होऊ शकतो हे संचालक मंडळाला माहीत तरी असावं.

आता भाषेचा मुद्दा, थोडं बाजूला जाऊन. या सूचना दिल्ली-मुंबईहून इंग्रजीत येतात. इथल्या खेड्यातील मराठी सेक्रेटरी ते इंग्रजी परिपत्रक वाचून, समजून फाईलला लावतो, म्हणजे फाईलला लावतोच. कागदपत्रं मराठीत द्या ही मागणी इथं किती जुनी आहे ते वाचकांना सांगायला नको. सातबारा-उताऱ्यांपुरती ती मागणी मर्यादित ठेवण्याचे दिवस गेले. राऊटर बंद कसा करावा, उघडा कसा राहू नये, याचं एक पान मराठीत छापणं हे सोसायट्यांच्या संघटनांनाही जमण्यासारखं आहे, त्याला सरकार लागत नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आपण आपला डबा कितीही नीट बांधला, तरी आपण दुसऱ्याच्या डब्यावर अवलंबून असतो. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या छोट्या बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीचा व्हायरस आला. एनपीसीआयने ती कंपनी आपल्या जाळ्यातून तात्पुरती तोडली आणि देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाईन व्यवहार थांबले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर म्हटलं की एका सहयोगी कंपनीच्या सर्व्हरची मांडणी चुकीची होती, तिथून शिरकाव झाला. त्या बँकांच्या मॅनेजरांनी काहीच चुकवलं नव्हतं. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याशी, नेटवाल्याशी करार करताना 'लांबून कोण आत येणार, कधी येणार, कुणाच्या परवानगीने येणार' हे लिहून घ्यावं. आज बहुतेक करारांत फक्त दर आणि जीएसटी असतो.

त्या तालुक्याच्या सोसायटीचं पुढं काय झालं ते सांगतो. सेक्रेटरी मनाला लावून घेणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी बेळगावहून माहीतगार माणूस बोलावला. पासवर्ड बदलला, कॅमेऱ्यांची बाहेरची वाट बंद केली, काउंटरचे संगणक वेगळे काढले. नवा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाखेचं सील करून तिजोरीत डुप्लिकेट किल्ल्यांच्या डब्यात ठेवला आणि किल्ली नोंदवहीत त्याची ओळ घातली, दोघांच्या सह्यांनी. सगळ्याला मिळून अर्धा दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून त्या पोराचा फोन आला, "सर, कालपासून माझं लॉगिन होईना झालंय, काय बदललाय काय?"

सेक्रेटरींनी फोन ठेवला आणि मला लावला. दीड वर्षात तो किती वेळा आत आला होता, हे बघायला लॉग नव्हता.